पोरगं गप्प झालंय, पालिकेकडे जायचं कुठे? मुंबईतल्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, बहुतेक रात्री अकरानंतर, आणि निम्मे तर ग्रुपवर न येता मला पर्सनलवर येतात कारण चारचौघांत विचारायला लाज वाटते. मी भांडुपला एका महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. डॉक्टर नाही. पण माझा मुलगा सहावीत असताना आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, त्यामुळे कुठल्या खिडकीवर काय विचारायचं हे मला माहीत झालंय, तेच इथे एकत्र लिहून ठेवते. ज्याला जो प्रश्न लागू असेल तो वाचा.

मुलांच्या मनाशी पालिकेचा काय संबंध? पालिका म्हणजे पाणी, गटार, रस्ते ना?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर सांगते. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे आणि त्यात प्राथमिक शाळा आणि दवाखाने ही पालिकेची कामं म्हणून लिहिलेली आहेत. नंतर ७४वी घटनादुरुस्ती झाली, त्यात शहराच्या संस्थांकडे द्यायच्या १८ विषयांची यादी आहे, त्यात सार्वजनिक आरोग्य आहे, बागा आणि खेळाची मैदानं आहेत, दिव्यांग आणि दुर्बल घटकांचं हित जपणं आहे. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या, 'स्थानिक प्राधिकरण' असा शब्द पानोपानी येतो, आणि मुंबईत ते स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपली पालिका. तर संबंध आहे, आणि तो उपकाराचा नाही.

कायदा बाजूला ठेवा आणि नुसता मुलाचा दिवस बघा. सकाळी पालिकेच्या शाळेत बाई त्याचं तोंड बघतात, दुपारी पालिकेची आरोग्य सेविका चाळीत येऊन दारात उभी राहते, संध्याकाळी ते पालिकेच्या मैदानात असतं नाहीतर नसतं, ताप आला की पालिकेच्या दवाखान्यात. आईबाप दोघं कामावर, लोकलमध्ये दोन-तीन तास जातात, अशा घरातल्या मुलाला दिवसभरात सगळ्यात जास्त कोण बघतं? हीच माणसं. त्यांना मुलाचं मन ओळखायला शिकवलं तर अर्धी लढाई घराजवळच लढता येते, माझं एवढंच म्हणणं आहे आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणते.

आणि ही दुर्मिळ गोष्ट आहे असं समजू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण ७.३ टक्के निघालं आणि महानगरांत ते १३.५ टक्के होतं. म्हणजे ५० मुलांचा वर्ग धरला तर सहा-सात मुलं. तुमच्या मुलाच्या वर्गाचा फोटो काढून बघा आणि मोजा.

हे नवीन फॅड आहे असं म्हणणाऱ्या आजोबांसाठी, देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईतच सुरू झालं, आज ज्याला आपण टाटा इन्स्टिट्यूट म्हणतो त्या संस्थेने केलं. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी.

नेमकं काय दिसलं की समजायचं? वयात आलेली मुलं चिडचिड करतातच की

करतात. एक दिवस दार आपटलं म्हणून कोणी हॉस्पिटलात धावत नाही. बदल बघायचा, आणि तो किती दिवस टिकलाय ते बघायचं. झोप, भूक, मित्र, खेळ, अभ्यास, यातलं दोन-तीन गोष्टींचं गणित एकदम बिघडलं आणि दोन आठवडे तसंच राहिलं तर बोलायची वेळ झाली. लहान मुलं 'मला उदास वाटतंय' असं म्हणत नाहीत, ती पोट दुखतंय म्हणतात, डोकं दुखतंय म्हणतात, सोमवारी सकाळी उलटी करतात, परत अंथरूण ओलं करायला लागतात.

माझ्या मुलाचं सांगते. त्याचा डबा रोज रिकामा यायचा, मी खूश, की पोरगं नीट जेवतंय. एक दिवस त्याच्या वर्गाच्या बाईंनी गेटवर थांबवलं आणि हळूच विचारलं, ताई, घरी सगळं ठीक आहे ना, हा मधल्या सुट्टीत वर्गातच बसतो, डबा शेजारच्या मुलाला देतो आणि भिंतीकडे तोंड करून वहीत रेघा मारतो. मी घरी येऊन वही उघडली तर मागची अकरा पानं नुसत्या उभ्या रेघांनी भरलेली, इतक्या दाबून मारलेल्या की पान पलीकडून फुगलेलं. मी रोज त्याचं दप्तर भरत होते आणि ती वही मी एकदाही मागून उघडली नव्हती. त्या बाईंनी विचारलं नसतं तर मला कधी कळलं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

ठीक आहे, मग पहिल्यांदा जायचं कुठे?

घराजवळच्या पालिका दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना' नावाच्या पालिकेच्या छोट्या क्लिनिकमध्ये. तिथे मानसोपचार तज्ज्ञ बसलेला असेलच असं नाही, पण तिथला एमबीबीएस डॉक्टर आधी रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, कान-डोळे ठीक आहेत का हे बघू शकतो आणि पुढची चिठ्ठी देऊ शकतो. चिठ्ठी असली की मोठ्या हॉस्पिटलात बोलणं सोपं जातं.

पुढे पालिकेची मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत, परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि जुहूचं कूपर, या चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. केस पेपरचा खर्च नाममात्र असतो. उपनगरातल्या पालिका हॉस्पिटलांत, म्हणजे घाटकोपरचं राजावाडी, बांद्र्याचं भाभा, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी आणि किती वाजता असते ते आधी चौकशी खिडकीवर विचारून या, नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार जातो आणि मूल पुन्हा यायला तयार होत नाही.

१० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्यात मानसिक आरोग्य हा ठळक विषय आहे. आपल्याकडे या मुलांसाठीच्या क्लिनिकला 'मैत्री' म्हणतात. तुमच्या भागात कुठे आहे ते आरोग्य सेविकेला विचारा, तिला माहीत असतं.

घरातून बाहेर पडणंच शक्य नसेल तर १४४१६. हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. आईबापांनीही लावायला हरकत नाही, मूल समोर नसलं तरी चालतं.

मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी काय होतं? मला तिथे जायचीच भीती वाटते

मलाही वाटायची. सकाळी साडेसातला पोचलो तेव्हा केस पेपरच्या लाइनीत आमच्या पुढे चाळीसेक माणसं होती, मुलगा माझी ओढणी धरून उभा, आणि मानसोपचार अशी पाटी वाचून मीच खाली बघत होते की ओळखीचं कोणी दिसू नये. आत गेल्यावर एका तरुण डॉक्टर मुलीने आधी मुलाला विचारलं, क्रिकेट आवडतं की फुटबॉल. मग मला बाहेर बसवलं. मला राग आला होता की आईला का बाहेर काढतात, नंतर कळलं की असंच करायचं असतं, मुलाला आईसमोर न बोलता येणारं बोलायला जागा लागते. साधारण असंच होतं, आधी हिस्टरी विचारतात, जन्म कसा झाला, बोलायला चालायला कधी लागला, घरात कोण कोण आहे, शाळेत काय, झोप कशी. त्या दिवशी औषध दिलंच नाही. बऱ्याच मुलांना पहिल्यांदा औषध लागतच नाही, बोलणं, खेळ, चित्रं, आईबापांच्या वागण्यात थोडा बदल यावर भागतं.

पहिल्या भेटीत सगळं होत नाही, तीन-चार खेपा धरून चला. आमच्या बिल्डिंगमधल्या एकीला एका हॉस्पिटलात पहिल्या टेस्टची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली, ती रडत घरी आली. हे बरोबर नाही, मुलाचे अडीच महिने म्हणजे जवळपास अर्धं सेमिस्टर, आणि माणसं कमी आहेत म्हणून हे होतं हे तिथले डॉक्टरच सांगतात. तारीख लांबची मिळाली तरी घ्या, सोडू नका, आणि दरम्यान १४४१६ वर बोलत राहा.

ठाण्याला पाठवतील का? शॉक देतील का?

नाही. ही भीती आपल्या भाषेतच बसलेली आहे, लहानपणापासून आपण 'ह्याला ठाण्याला पाठवा' असं हसत हसत म्हणत आलोय, आणि आता स्वतःच्या मुलावर वेळ आली की तेच वाक्य छातीवर बसतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, ते राज्य सरकारचं आहे, आणि तुमचं मूल ओपीडीत दाखवलं म्हणून कोणी त्याला तिकडे नेत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याबाबत बराच कडक आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला भरती करायचं ते अगदी अपवाद म्हणून, मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं, आणि घरचं माणूस सोबत राहायला हवं. शॉकबद्दल तर अल्पवयीन मुलांसाठी बंदीच आहे, पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देताच येत नाही. याच कायद्याच्या १८व्या कलमात सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा हक्क म्हटलाय आणि मुलांसाठीच्या सेवांचा त्यात वेगळा उल्लेख आहे.

शाळेला कळेल का? पुढे नोकरीला, लग्नाला अडचण?

डॉक्टरने तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचं नसतं, कायद्याने गुप्तता आहे. शाळेला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर वर्गशिक्षकांना तरी सांगा, बाकी स्टाफरूमला नको.

मुलीच्या लग्नाचं विचारणाऱ्या माझ्या बहिणींनो, मुलगी तेरा वर्षांची आहे, आत्ता तिला झोप लागत नाहीये, आत्ताचं बघा.

पालिकेच्या शाळेत काउन्सेलर असतो का?

प्रत्येक शाळेत रोज बसणारा काउन्सेलर आहे असं चित्र नाही, काही ठिकाणी संस्थांचे लोक आठवड्यातून येतात, काही ठिकाणी बाईच सगळं निभावतात. पण आता आपल्या हातात एक मोठी गोष्ट आलीय. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक तत्त्वं दिली, कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा, त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं, आणि शिक्षकांसकट सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग द्यायचं असं आहे. कोचिंग क्लासही त्यात येतात.

आता हे मिळवायचं कसं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक पालिका शाळेला व्यवस्थापन समिती लागते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण निम्म्या बायका असायलाच हव्यात. बहुतेक पालकांना हे माहीतच नसतं, सही करायला बोलावतात आणि आपण चहा पिऊन सही करून येतो. मीटिंगमध्ये ठराव मांडा, 'शाळेत काउन्सेलर मिळावा' असा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची प्रत वॉर्डातल्या शिक्षण विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. पोच हा शब्द लक्षात ठेवा. तोंडी सांगितलेलं पालिकेत हवेत जातं, शिक्का मारलेला कागद फाइलला लागतो आणि मग त्याला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आम्ही तीन मीटिंगा हाच विषय लावून धरला तेव्हा चौथ्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस एक ताई यायला लागल्या. त्यांना बसायला खोली नव्हती, मग लायब्ररीचं कपाट सरकवून मागे दोन खुर्च्या टाकल्या आणि पडदा लावला. पहिल्या दिवशी एकही मूल गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पडद्याबाहेर चपला दिसायला लागल्या.

शिक्षक सगळ्यांसमोर बोलतात, मारतात. तक्रार केली तर मुलालाच त्रास होईल

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. 'मानसिक छळ' हे शब्द कायद्यातच आहेत, त्यामुळे फक्त छडीच मोजायची असं नाही, रोज 'तू मठ्ठ आहेस' म्हणणंही त्यात येतं. आधी मुख्याध्यापकांशी बोला, मग लेखी द्या. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती, असायला हवी, तिच्याकडेही जाता येतं. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर दोन-तीन पालक मिळून जा, मुलाचं नाव पुढे येत नाही.

शिक्षकांची बाजूही मी बघितलीय हे सांगायला हवं. एका वर्गात भरमसाठ मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. ज्या बाईंनी मला गेटवर थांबवलं त्याही याच सगळ्यातून वेळ काढून थांबल्या होत्या.

मुलगा हुशार आहे पण लिहायला बसला की बोंब, स्पेलिंग उलटी, मार्क नाहीत. आळशी आहे का?

कदाचित त्याला अध्ययन अक्षमता असेल, ज्याला सगळे एलडी म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते. यात बुद्धी कमी नसते, वाचणं, लिहिणं किंवा गणित यातली एखादी वाट मेंदूला अवघड जाते. आळशी, मठ्ठ, लक्षच देत नाही असं ऐकून ऐकून अशी मुलं आतून मोडतात, आणि मग उदासी, चिडचिड, शाळा नको हे मागून येतं. म्हणजे मुळात मनाचा आजार नसतो, आपण तो तयार करतो.

सायन, नायर आणि केईएममध्ये याची तपासणी होते आणि सर्टिफिकेट मिळतं. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या डिसेंबरात जागे होऊ नका. पाचवी-सहावीत शंका आली की लगेच नंबर लावा, कारण डोळे, कान, बुद्ध्यांक, मग अभ्यासाची टेस्ट असं टप्प्याटप्प्याने होतं आणि शाळेचे जुने पेपर, प्रगतिपुस्तकं लागतात.

तीन वर्षांचं होत आलं तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही

थांबू नका. 'ह्याचे बाबाही उशिरा बोलले' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, त्यात वाढीतला उशीरही तपासतात. अंगणवाडीत किंवा शाळेत टीम येते तेव्हा मूल घरी ठेवू नका. मुंबईतल्या अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत, पालिकेकडे नाहीत, त्यामुळे तिथली तक्रार वॉर्ड ऑफिसात घेऊन गेलात तर परत पाठवतील. तपासणीसाठी मात्र पालिकेच्या हॉस्पिटलात थेट बालरोग ओपीडीला जाता येतं.

मूल खाजगी शाळेत आहे, पालिकेच्या सेवा मिळतात का?

हो. हॉस्पिटल शाळा विचारत नाही.

दिवसभर मोबाइल. पालिका यात काय करणार?

मोबाइल तुमच्या घरातला आहे, तो तुम्हीच बघायचा, रात्री झोपताना तो मुलाच्या उशाशी नको आणि तुमच्याही उशाशी नको. पण मी उलटा प्रश्न विचारते, हातातून मोबाइल काढला तर मुलाने जायचं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, गल्लीत बाइका लावलेल्या, बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये 'येथे खेळू नये' पाटी, आणि मैदानाला कुलूप. आमच्या इथलं एक मैदान दुपारी बारा ते चार बंद असतं, बरोबर सकाळच्या शिफ्टची मुलं मोकळी असतात तेव्हाच. मैदान हे माझ्या मते या शहरातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे, घाम आला, भांडण झालं, मिटलं, रात्री झोप लागली. आणि हे पूर्णपणे पालिकेच्या हातात आहे, यासाठी दिल्लीला किंवा मंत्रालयात जायला नको. वेळा बदलून मागा, दिवे मागा, मुलींसाठी चालू स्थितीतला संडास मागा, कारण तो नसला की बारा-तेरा वर्षांच्या मुली मैदानात यायच्या बंद होतात आणि कोणी विचारतही नाही की त्या कुठे गेल्या. तक्रारीला पालिकेचा १९१६ नंबर आहे, सोबत वॉर्डाच्या उद्यान विभागाला लेखी द्या.

आमची चाळ पाडली, ट्रान्झिट कॅम्पला आलो, तेव्हापासून मुलगी बदललीय

मुंबईतल्या किती मुलांचं हे होतं आणि कोणी मोजत नाही. मोठ्यांना नवीन फ्लॅटचं स्वप्न दिसतं, मुलाला दिसतं की समोरची मैत्रीण गेली, ओटा गेला, आजी गावी गेली. ते दुःख आहे, त्याला दुःख म्हणा, 'नाटकं करू नको' म्हणू नका. शाळा जुन्याच ठिकाणी ठेवता आली तर वर्ष संपेपर्यंत ठेवा. शक्य नसेल तर कोणत्याही महिन्यात पालिका शाळेत दाखला देऊन प्रवेश मिळतो, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि नवीन वर्गाच्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा की घर बदललंय.

नगरसेवकाला सांगून काही होतं का?

होतं, मार्गाने सांगितलं तर. मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे लोकांची सवय सुटली. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, तुमचा कुठला आणि तुमचा नगरसेवक कोण हे आधी माहीत करून घ्या. बजेट साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात, २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं होतं. एवढ्या पैशात शाळेतल्या काउन्सेलरचा पगार बसत नाही असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही. सूचना द्यायच्या तर डिसेंबर-जानेवारीत द्या, मांडून झाल्यावर नको. 'मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करा' असं लिहू नका, 'अमुक शाळेत आठवड्यातून तीन दिवस काउन्सेलर आणि दार लागणारी एक खोली' असं लिहा.

कोणीतरी मुलाला नको तिथे हात लावलाय असं वाटतंय

मुलावर विश्वास ठेवा, ते त्याला सांगा, आणि पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा. १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली होती. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही, 'आपसात मिटवू' असं कोणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. पालिकेच्या हॉस्पिटलात लगेच तपासणी आणि उपचार होतात, एफआयआर नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत.

मूल म्हणालं 'मला जगायचंच नाही'. धमकी देतंय का?

धमकी समजू नका. एकदाही नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचे जीव असे गेले आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. शांतपणे, स्पष्ट विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधं हलवा, १४४१६ लावा, आणि वेळ हातातून जातेय असं वाटलं तर सरळ जवळच्या पालिका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. पोलीस केस होईल या भीतीने लपवू नका, २०१७ च्या कायद्यानंतर अशा माणसावर खूप ताण होता असं धरून चालायचं आणि शिक्षा करायची नाही असं स्पष्ट आहे.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी शक्य असेल तर सुट्टी टाका. साइट उघडायच्या आधी मुलाला सांगा की आकडा काहीही येऊ दे, आज रात्री आपण एकत्र जेवणार आहोत. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका.

ह्यांना पटत नाही, सासूबाई म्हणतात नजर लागलीय

नजर काढू द्या, त्यात कोणाचं नुकसान नाही, पण गुरुवारची ओपीडी चुकवू नका. नवऱ्याला एकदा सोबत न्या, बाहेरून समजावून पटत नाही ते डॉक्टरने पाच मिनिटांत सांगितलं की पटतं. आमचे हे पहिल्या दोन भेटींना आले नाहीत. तिसऱ्याला आले, डॉक्टरांनी विचारलं की मुलासोबत शेवटचं कधी खेळलात, तर गप्प बसले, आणि त्या रविवारी बॅट घेऊन खाली उतरले.

जाताना सोबत काय न्यायचं?

मुलाचं आणि तुमचं आधार, जुने औषधांचे कागद, जन्माच्या वेळची हॉस्पिटलची फाइल असेल तर ती, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, एक-दोन वह्या, आणि हो, मागची पानंही बघून घ्या. काय काय बदललंय ते तारखेसकट एका कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर रडू येतं आणि अर्धं विसरायला होतं. पाण्याची बाटली आणि डबा घ्या, दुपार होते.